शून्य की ओ?

परवा बाबांना डोळे तपासायला घेऊन गेले होते. अपॉइंटमेंट साडेदहाची, आम्ही गाडी लावली तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झालेली, म्हणजे चक्क वीस मिनिटं हातात, आणि जागाही पहिल्याच फेरीत मिळाली त्यामुळे मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. डॉक्टरांच्या दारात आम्ही पोचलो पावणेअकराला. मधल्या पस्तीस मिनिटांतली पाच चालण्यात आणि लिफ्टमधे गेली. बाकी सगळी पार्किंगचं तिकीट देणाऱ्या मशीनसमोर. पैसे खिशात होते, द्यायची इच्छा होती, पण घेणारा घेतच नव्हता.

पैसे द्यायला माझी ना नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणणार की फुकट पाहिजे का तुम्हाला. नको. कॅलिफोर्नियात डोनाल्ड शूप नावाचे एक प्राध्यापक होते, २०२५ मधे गेले ते, त्यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं की रस्त्याकडेची जागा फुकट ठेवली की लोक ती शोधत गोल गोल फिरत बसतात, त्यापेक्षा दर असा लावा की प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा कायम रिकामी राहील. मला पटतं ते. जागेचे पैसे घ्या. पण मी समोर हात पुढे करून उभी आहे तर घ्या ना!

तर ते मशीन. अख्ख्या पार्किंगला एकच, आणि ते अर्थातच आम्ही गाडी लावली त्याच्या बरोब्बर उलट्या कोपऱ्यात. बाबांना गाडीत बसवलं आणि म्हटलं दोन मिनिटांत आले. (हे दोन मिनिटांचं वाक्य मी दर वेळी म्हणते.) पुढे तीन माणसं. पहिला गेला, दुसरीने दोनदा केलं, तिसरा मशीनला एक गुद्दा घालून निघून गेला, त्याला तिकीट मिळालं की नाही कळलं नाही. आणि माझा नंबर आला तर स्क्रीन काळी. पूर्ण काळी. मला वाटलं त्या गुद्द्याने गेलं वाटतं. बटणं दाबली, काही नाही, दोन्ही हातांनी सावली करून बघितलं, काही नाही, आणि मग मागून एकजण म्हणाला, "मॅडम, गॉगल काढा."

गॉगल काढला तर स्क्रीन लख्ख चालू! मागाहून शोधलं तर कळलं की ह्या एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आणि पोलराइज्ड गॉगलची काच तशा प्रकाशाला एका ठरावीक कोनात अडवूनच टाकते, मग तुम्हाला काळी पाटी दिसते. मान वाकडी केली तर दिसतं म्हणे. म्हणजे उन्हात उभं राहून वापरायचं मशीन, उन्हात माणूस काय घालतो तर गॉगल, आणि ज्याने तो स्क्रीन त्या कोनात बसवला त्याने बहुतेक ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली बसून टेस्ट केलं असणार.

पुढे गाडीचा नंबर टाका. आता मला सांगा, स्वतःच्या गाडीचा नंबर मशीनसमोर उभं राहून धडाधड कुणाला आठवतो? मला आकडे आठवतात, मधली अक्षरं नाही. आणि माझ्या नंबरात एक ओ आहे आणि दोन शून्यं आहेत, जी नंबरप्लेटवर हुबेहूब सारखी दिसतात. शिवाय तिथला कीबोर्ड फोनसारखा नाही, एबीसीडीच्या क्रमाने लावलेला, त्यामुळे प्रत्येक अक्षर शोधायला मनात एबीसीडी म्हणावी लागते, पहिलीत असल्यासारखी. दोन अक्षरं टाकली आणि अडकले. धावत गाडीकडे गेले, नंबर बघितला, बाबांनी काच खाली केली, "झालं का गं?" "नाही बाबा, नंबर बघायला आले", "कुणाचा?", त्यांना वाटलं टोकन नंबर, पण समजावून सांगायला वेळ नव्हता, तशीच धावत परत. तोवर मशीनने मला हाकलून दिलं होतं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मागच्या माणसाने बिचाऱ्याने माझी जागा धरून ठेवली होती.

पुन्हा पहिल्यापासून. भाषा निवडा. झोन निवडा, झोन म्हणजे काय तर तो गाडी लावली तिथल्या खांबावर लिहिलेला असतो, जो मी अर्थात बघितला नव्हता, पण मागच्याने सांगितला. नंबर टाका. टाकला. मग विचारतंय किती तास?

आता ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. डोळ्यांत थेंब घालणार, मग बाहुली मोठी व्हायला अर्धा तास बसवणार, मग आत बोलावणार, मग डॉक्टरांना मधेच कुणाचा तरी फोन येणार. खुद्द डॉक्टरांना सांगता येत नाही किती वेळ लागेल आणि मला इथे अंगणातच भविष्य वर्तवायला लावतात. कमी सांगितलं तर दंड, जास्त सांगितलं तर जास्तीचे पैसे परत मिळणार नाहीत. दोन्हीकडून तेच जिंकतात. जाताना हिशोब करून पैसे घेणारी मशीनं असतात की जगात, आत येताना तिकीट घ्या, निघताना जेवढा वेळ थांबलात तेवढे भरा. ती बरी. (त्यांचं वेगळं दुखणं आहे, खाली सांगते.) मी तीन तास दाबलं.

नाणी टाका.

माझ्याकडे नाणी होती हां! मी शहाणी बाई, गाडीत डबी ठेवते. पहिलं नाणं घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं खळ्ळकन खाली. पुन्हा टाकलं, पुन्हा खाली. मागचा तो सद्गृहस्थ म्हणाला, "मॅडम, जरा घासून टाका", आणि बघितलं तर नाण्याच्या फटीशेजारी पत्र्यावरचा रंग पार उडालेला, माझ्याआधी शेकडो लोकांनी तिथे नाणी घासलेली. घासलं आणि घेतलं की मशीनने! आम्ही दोघंही खूश. पण घरी येऊन वाचलं तर त्या घासण्याला तसा काही अर्थ नसतो. आत तारेची वेटोळी असतात, नाणं त्यांच्या समोरून घरंगळत जाताना चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो त्यावरून धातू कुठला, आकार केवढा, जाडी किती हे ओळखतात, पत्र्यावर दोन रेघोट्या मारून त्यातलं काही बदलत नाही. नाणं दुसऱ्यांदा जरा वेगळ्या वेगाने घरंगळलं म्हणून ओळखलं गेलं, एवढंच. तरी पुढच्या वेळी मी घासणारच आहे, काहीतरी हातात असल्यासारखं वाटतं.

सातवं नाणं टाकलं आणि डबी संपली. एक नाणं कमी. आणि हे मशीन सुट्टे देत नाही, नोटा घेत नाही, अर्धे नाण्यांत अर्धे कार्डाने असंही चालत नाही. रद्द करा दाबल्यावर सगळी नाणी खडखडखड करून खाली, जुगाराच्या मशीनमधून पडावीत तशी, त्यातलं एक फरशीवर गेलं ते कुणाच्या तरी गाडीखाली.

१९३५ सालची गोष्ट आठवली मला. जगातलं पहिलं पार्किंग मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमधे १६ जुलै १९३५ ला बसलं. कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्रवाल्याच्या डोक्यातली कल्पना, कारण बाजारपेठेतल्या जागा तिथे काम करणारे लोकच सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडवून बसायचे आणि गिऱ्हाइकांना जागाच मिळायची नाही. यंत्र बनवलं त्याच राज्यातल्या एका कॉलेजातल्या थ्यूसन आणि हेल ह्या दोघा इंजिनिअर लोकांनी. पाच सेंटचं एक नाणं टाका, मूठ फिरवा, आतली स्प्रिंग घड्याळासारखी चालू. नंबर नाही, झोन नाही, भाषा नाही. आणि महिनाभरात पहिला माणूस पकडला गेला तो एक पाद्री, आणि त्याने कोर्टात सांगितलं म्हणे की मी किराणा दुकानात सुट्टे आणायला गेलो होतो! सोडला त्याला. म्हणजे मीटर रांगतं होतं तेव्हापासून सुट्ट्यांची बोंब आहे, इतक्या वर्षांत चंद्रावर जाऊन आले लोक पण एवढं सुटलं नाही.

बरं, कार्ड. कार्ड टेकवलं, थांबा, थांबा, थांबा, वाचता आलं नाही. घातलं, वाचता आलं नाही. दुसरं कार्ड, तेच. माझ्या मागे आता सहाजण झालेले, आणि माझ्या मानेवर त्या सगळ्यांच्या नजरा. अशा वेळी आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं, कार्ड पुसून बघते, पदराला... म्हणजे ओढणीला. पण मी बावळट नाही हे मला न्यूयॉर्कमुळे माहीत आहे. १ जानेवारी २०२० ला तिथल्या पार्किंग मीटरांनी कार्डं घेणं बंदच केलं, का, तर सॉफ्टवेअरमधे कुणीतरी अंतिम तारीख घालून ठेवली होती आणि ती बदलायचं राहून गेलं. मग माणसं पाठवून एकेक मीटर हाताने दुरुस्त करत फिरले. त्या दिवशी तिथे किती लोकांनी आपापली कार्डं अंगावरच्या कपड्यांना पुसली असतील!

राहता राहिलं अ‍ॅप. मशीनवर क्यूआर कोडचा स्टिकर. आता हा स्टिकर खरा कशावरून? २०२२ च्या सुरुवातीला टेक्सासमधे ऑस्टिन शहरात चोरट्यांनी पार्किंगच्या मशीनांवर आपलेच क्यूआर कोड चिकटवून ठेवले होते, लोक स्कॅन करायचे आणि भलत्याच साइटवर कार्डाचे आकडे भरायचे. तिथल्या पालिकेने सांगितलं की आम्ही क्यूआर कोड वापरतच नाही. माझ्या समोरचा स्टिकर एका कोपऱ्यातून उचकटलेला आणि खाली अजून एक स्टिकर. मी नाही केला स्कॅन. नावाने अ‍ॅप शोधलं, डाउनलोड, नेटवर्कची एक काडी, गोल गोल फिरतंय. ईमेल टाका. पासवर्ड ठेवा, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. अहो मला दोन पांढऱ्या रेघांमधे तीन तास गाडी उभी करायची आहे, बँकेत खातं नाही उघडायचं! मग ईमेलवर आलेली लिंक दाबा, मग ओटीपी, तो आला तेव्हा त्याची मुदत संपलेली.

तेवढ्यात बाबा आले. काठी टेकत, उन्हात, गाडीचं दार उघडंच ठेवून. "अगं पण पैसे घेणारा माणूस कुठाय?"

"माणूस नसतो बाबा."

"मग ही सगळी माणसं कशाला उभी आहेत?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. बाबांनी खिशातून एक नाणं काढलं, शर्टच्या खिशात कधीपासून पडलेलं होतं देव जाणे, आणि मला म्हणाले एवढं पुरेल का बघ. डबीतली सगळी नाणी पुन्हा एकेक करून टाकली, फरशीवरचं एक कमीच होतं, ते मागच्या सद्गृहस्थाने स्वतःचं दिलं (त्याचे उपकार कसे फेडू), बाबांचं शेवटी टाकलं, आणि मशीनमधून क्र्र्र करत तिकीट आलं. टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

पण हा नुसता वेळ गेला एवढ्यावर भागत नाही, माझा राग वेगळा आहे. पूर्वी एक माणूस पावती फाडायचा. त्याचा पगार वाचवला, ठीक आहे, वाचवा. पण त्याचं काम कुठे गेलं? ते माझ्याकडे आलं. नंबर मी लिहायचा, वेळ मी ठरवायची, पैसे मी मोजायचे, तिकीट मी लावायचं, आणि ह्यातलं एक जरी चुकलं तरी दंड मीच भरायचा. त्या माणसाने नंबर चुकीचा लिहिला असता तर ती त्याची चूक झाली असती. आणि तो मशीन बंद आहे असं म्हणून उभा राहिला नसता, कारण तो स्वतः चालू होता. सुट्टे नाहीत म्हटलं तर म्हणायचा जाताना द्या.

मी हे हवेत बोलत नाहीये. दोन वर्षांपूर्वी मला दंडाची नोटीस आली होती, दुसऱ्याच एका ठिकाणची. मी पैसे भरले होते, पूर्ण भरले होते, फक्त ओच्या जागी शून्य टाकलं होतं. कॅमेऱ्याने गाडी येताना जाताना टिपली, त्या नंबराने पैसे आले नाहीत, झाली नोटीस छापून. आता जगात त्या शून्यवाल्या नंबराची गाडीच नसणार, त्याच वेळेला त्याच पार्किंगमधे त्या नंबराचे पैसे कोण भरेल, एवढा विचार कुणीही माणूस करेल. कॅमेरा करत नाही. अपील करा म्हणाले, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे तिकीट. मी जपून ठेवलं होतं, गाडीतच, डॅशबोर्डवर. काढलं तर पूर्ण काळं! कारण हे तिकीट थर्मल कागदाचं, त्यात शाई नसते, कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की तो काळा पडतो आणि त्यातून अक्षरं उमटतात. आणि ते ठेवायला सांगतात कुठे तर काचेखाली रणरणत्या उन्हात. मी त्या काळ्या कागदाचा फोटो काढून पाठवला, सोबत लिहिलं की हे तुमचंच तिकीट आहे. उत्तर आलं, पुरावा अस्पष्ट आहे. शेवटी बँकेचं स्टेटमेंट जोडून दोन महिन्यांनी सुटले, सुटले म्हणजे दंड माफ, सॉरी वगैरे काही नाही.

तेव्हापासून मी तिकिटाचा, नंबरप्लेटचा आणि मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढते. फोनमधे मुलांचे कमी आणि पार्किंगचे जास्त फोटो आहेत.

कॅमेऱ्यांचा अजून एक छळ म्हणजे त्यांचं घड्याळ तुम्ही फाटकातून आत आल्याबरोबर सुरू होतं, तिकीट मिळाल्यावर नाही. ब्रिटनमधे काही खासगी पार्किंगवाले आत आल्यापासून पाच मिनिटांत पैसे भरले नाहीत म्हणून दंड लावायचे, मग सिग्नल नसो, रांग असो, मशीन बंद असो. खूप ओरडा झाला तेव्हा फेब्रुवारी २०२५ पासून नियमावली बदलली, की निघायच्या आत पैसे भरलेत तर नुसत्या उशिरासाठी दंड नको. बघा, पैसे मिळालेत, पूर्ण मिळालेत, आणि तरी दंड नको हे लिहून घ्यावं लागलं.

भांडायचं म्हटलं तर भांडणार कुणाशी? मशीनवर हेल्पलाइनचा नंबर असतो, उन्हाने अर्धा पुसलेला. लावला तर गाणं वाजतं. जागा एकाची, मशीन दुसऱ्याचं, अ‍ॅप तिसऱ्याचं, दंड चौथा पाठवतो. शिकागोने तर २००८ मधे शहरातले छत्तीस हजार मीटर पंचाहत्तर वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला देऊन टाकले, साधारण ११५ कोटी डॉलरला, आणि आता मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला तरी तेवढ्या वेळच्या बुडालेल्या कमाईची भरपाई शहरालाच करून द्यावी लागते. २०८३ पर्यंत. माझी नात सुद्धा तिथे गेली तर तिला पण त्याच कंपनीला पैसे द्यावे लागतील.

निघताना पैसे भरायच्या मशीनबद्दल सांगते म्हटलं होतं. तिथे फाटकापाशी खांबात तिकीट घालायचं असतं, आणि तो खांब माझ्या हाताच्या लांबीपेक्षा नेहमी चार बोटं लांब असतो. जवळ घ्यावी तर आरसा घासेल. मग पट्टा काढा, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर या, तिकीट घाला, ते थुंकतं, उलटं घाला, ते खाली पडतं, दार उघडावं तर खांबाला अडतं. मागून हॉर्न. ह्यावर जास्त बोलत नाही, ज्यांचे हात लांब आहेत त्यांना कळणार नाही.

तर काल बाबांची दुसरी अपॉइंटमेंट होती. ह्या वेळी बाबांनीच प्लॅन केला, की मी आधी उतरून मशीनपाशी उभा राहतो, तू गाडी लाव आणि तिथून नंबर ओरड, म्हणजे धावाधाव नको. मला हसू आलं पण म्हटलं ठीक आहे. गाडी लावली, बाबा लांबवर काठी वर करून उभे, मी नंबरप्लेटसमोर उभी राहून एकेक अक्षर ओरडतेय आणि अख्खं पार्किंग वळून बघतंय.

"ओ की शून्य?" बाबा तिकडून.

"ओ, बाबा! ओ!"

"काय गं?"

"ओ!"

"अगं हो, ऐकतोय, बोल की!"

पाच मिनिटं हे. शेवटी मी तिथे गेले तर मशीनला काळी प्लॅस्टिकची पिशवी घातलेली, वर चिकटपट्टीने कागद, बंद आहे, कृपया अ‍ॅप वापरा. आणि बाबांनी पिशवीला अंदाजाने एक भोक पाडून त्यातून बटणं दाबायला सुरुवात केली होती, नंबर अर्धा झाला म्हणाले.